साचा बंद होईना: काचकापडाच्या दहा थरांचे प्रकरण

पार्श्वभूमी

भाग साधाच होता. यंत्राच्या कवचावर बसणारे, उथळ ताटासारखे झाकण: ११०० बाय ७०० मिमी, खोली ४० मिमी, जाडी सगळीकडे ४ मिमी. झाकण ४ मिमीच्या खाचेत सपाट बसायचे असल्याने जाडीला ±०.१५ मिमीच सवलत होती. आधी हा भाग व्हॅक्यूम इन्फ्यूजनने, म्हणजे पिशवीखालची हवा काढून रेझिन आत ओढून, निघायचा. एकच साचा, वरून पिशवी. पिशवीखाली कापडावर जास्तीत जास्त वातावरणाचा दाब, म्हणजे साधारण १ बार येतो. त्यामुळे जाडी कापडाच्या मर्जीवर राहायची आणि वरचा पृष्ठभाग खडबडीत यायचा. ग्राहकाला दोन्ही बाजू गुळगुळीत हव्या होत्या, म्हणून काम आरटीएमवर (रेझिन ट्रान्सफर मोल्डिंग) नेले: वर-खाली दोन साचे, मधल्या पोकळीत कोरडे कापड, आणि दाबाने सोडलेले इपॉक्सी रेझिन.

कापड ई-ग्लासचे, २/२ ट्विल (दोन धाग्यांवरून, दोनखालून जाणारी तिरकी वीण), डेटाशीटवर ६०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ६०० ग्रॅम. प्रेस ५० टनी. वरचा साचा ४० मिमी ॲल्युमिनियम प्लेटचा, मागे फासळ्या आणि पोलादी चौकट. पोकळीची उंची ठरवायला चार कोपऱ्यांवर कडक पोलादी स्टॉपर. साचा स्टॉपरवर टेकला की पोकळी ४.०० मिमी.

आरटीएममध्ये फायबर व्हॉल्यूम, म्हणजे भागाच्या घनफळात तंतूंचा वाटा, प्रेस ठरवत नाही. तो थरांची संख्या, जीएसएम आणि पोकळी या तिघांनी आधीच ठरलेला असतो. सूत्र शाळकरी आहे: थर गुणिले जीएसएम, भागिले तंतूची घनता गुणिले जाडी. प्रेसला फक्त त्या वाट्याची किंमत टनांत चुकवावी लागते. ही किंमत किती, हे कापड नुसते हाताळून कळत नाही, आणि हे प्रकरण तिथेच अडले.

हिशेब कुठे सरकला

डिझाइनमध्ये फायबर व्हॉल्यूम ५५ टक्के धरले होते, ताठरपणाचे गणितही त्यावरच. काचेची घनता घन सेंमीला २.५६ ग्रॅम धरली तर ४ मिमीच्या पोकळीत एका चौरस मीटरला ५,६३२ ग्रॅम कापड मावते. ६०० ने भागले की ९.४ थर. अर्धा थर कापता येत नाही. 'जास्तच असू दे, मजबूत होईल' म्हणून १० केले. रचना समान राहावी म्हणूनही सम आकडा सोयीचा वाटला: ०/९० (धागे झाकणाच्या कडांना समांतर) आणि ±४५ (धागे कडांना तिरपे) आळीपाळीने, पाच थर, आणि मधोमध आरसा ठेवावा तसे पुन्हा पाच. १० थरांचे फायबर व्हॉल्यूम ५८.६ टक्के होते, ५५ नाही. हा फरक कोणीच लिहून ठेवला नाही.

दुसरी सरक रोलमध्ये होती. १०० चौरस सेंमीच्या गोल कटरने पाच तुकडे कापून वजन केले, तेव्हा सरासरी ६.१८ ग्रॅम निघाली, म्हणजे ६१८ जीएसएम. पुरवठादाराची सवलत ±५ टक्के असल्याने रोल नियमात होता. पण १० थर गुणिले ६१८ म्हणजे ६,१८० ग्रॅम, आणि फायबर व्हॉल्यूम ६०.४ टक्के.

कागदावर ५५, साच्यात ६०.४. ऐकायला साडेपाच टक्क्यांचा फरक. पण विणलेल्या कापडाचा दाब सरळ रेषेत वाढत नाही. सुरुवातीला थरांमधली हवा निघते, वळणदार धागे चपटे होतात, एका थराचे उंचवटे दुसऱ्याच्या खळग्यात बसतात. तोवर काम हलके. पुढे धागे एकमेकांना चिकटून बसले की तंतूंनाच वाकवावे लागते, आणि दाब एकदम उसळतो. १९४६ साली व्हॅन विक यांनी लोकरीच्या गठ्ठ्यासाठी मांडले होते की दाब तंतूंच्या वाट्याच्या घनाच्या पटीत वाढतो. लोकरीत तंतू अस्ताव्यस्त असतात. विणलेल्या काचकापडात घातांक तीनवर थांबत नाही; या कापडाचा नंतर ११ च्या आसपास निघाला.

अडचण

पहिल्या भागाच्या वेळी प्रेस पूर्ण ५० टनांवर नेला तरी चारही स्टॉपरवर ०.१५ मिमीची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पत्री) सहज आत जात होती. तसेच इंजेक्शन सुरू केले. रेझिन २ बारने आत गेले. अंदाजे १२ मिनिटांत भरायला हवे होते, १७ मिनिटे लागली. शेवटी व्हेंट (हवा बाहेर जाण्याचे तोंड) बंद केल्यावर कोपऱ्यावरच्या डायल गेजचा काटा आणखी ०.०५ ने वर सरकला.

तो सरकला याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. भरलेल्या साच्यात प्रेसचा भार दोघे मिळून उचलतात, तंतू आणि रेझिन. व्हेंट उघडा असताना रेझिनचा दाब शिरण्याच्या तोंडाशी २ बार आणि व्हेंटशी जवळपास शून्य असतो. व्हेंट बंद झाला की सगळीकडे २ बार. ०.७७ चौरस मीटरवर १ बार म्हणजे ७७ किलोन्यूटन, साधारण ७.८५ टन. तेव्हा रेझिनच जवळपास १६ टनांनी साचा उचलतो आणि तंतूंच्या वाट्याला उरतात ३४. मातीत पाणी भरल्यावर कणांवरचा भार कमी होतो हे टेरझागी यांचे तत्त्व इथे तसेच्या तसे लागू पडते.

भाग काढला तेव्हा कडेला जाडी ४.१४ ते ४.१९, मध्यभागी ४.२४. चारही कोपऱ्यांच्या वळणावर पांढरे, कोरडे ठिपके, सर्वांत मोठा अंगठ्याएवढा. नखाने खरवडले तर तंतू मोकळे होत होते.

घाईत घेतलेले दोन निर्णय

दुसऱ्या भागाला प्रेस वेगाने बंद केला, 'दणक्याने बसेल' या भरवशावर. उलट झाले. कापड हे स्प्रिंगपेक्षा खूप दाट शिऱ्याच्या जवळचे आहे: वेग जास्त तर विरोध जास्त. धाग्यांना सरकून एकमेकांत बसायला वेळच मिळत नाही. फिलर पट्टी आता ०.२ ची गेली. शिवाय एका कडेला वरचा थर सीलच्या खाचेवर चिमटला गेला, कारण सैल थरांचा गठ्ठा पोकळीपेक्षा दीड-दोन मिमी उंच होता.

तिसऱ्या भागाला साच्याच्या कडेने एम१६ चे आठ बोल्ट लावले. स्टॉपर टेकले. कॅलिपरने कडा मोजल्या तर ४.०२. भाग जवळजवळ पासच झाला होता! कॅलिपरचा जबडा झाकणाच्या मध्यापर्यंत पोचत नाही. अल्ट्रासोनिक जाडीमापकाने मधोमध मोजल्यावर ४.२६ निघाले. बोल्टांनी कडा खाली ओढल्या आणि वरचा साचा मध्ये कमानीसारखा फुगला. कोपऱ्यांचे ठिपके मोठे झाले.

या टप्प्यावर हात थांबवणे हा या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय. चौथा भाग काढायचा नाही, आधी कापडाला किती दाब लागतो ते मोजायचे, असे ठरले. हे तिन्ही भाग बिघडण्याआधीही करता आले असते. लागणारे दाबचाचणीचे यंत्र साहित्य तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत असते आणि चाचणीला एक दिवस पुरतो.

कापड मोजणे

१०० बाय १०० मिमीचे तुकडे, साच्यातल्याच क्रमाने १० थर, दोन सपाट पोलादी प्लेटांमध्ये, १ मिमी प्रति मिनिट वेगाने. १०० चौरस सेंमीवर १० किलोन्यूटन म्हणजे १० बार, त्यामुळे वाचन सोपे.

थरांचा क्रम बदलून चाललाच नसता. एकच थर मोजून दहाने गुणले तर उत्तर चुकते, कारण एकट्या थराला खळग्यात बसायला शेजारी नसतो. दहाही थर ०/९० ठेवले तर ते एकमेकांत जास्त छान बसतात आणि दाब खोटा कमी दिसतो. पुरवठादाराकडचा आलेख नेमका तसाच काढलेला होता.

पहिल्या दिवशी मोठी चूक झाली. यंत्राच्या हलत्या आडपट्टीचे अंतर तीच कापडाची जाडी, असे धरले गेले. पण भार आला की यंत्राची चौकट, लोडसेल, प्लेटा, सगळे थोडे थोडे वाकते. रिकाम्या प्लेटा एकमेकींवर दाबून पाहिल्या तर १० किलोन्यूटनला ०.०९ मिमी गेले होते. ४ मिमीच्या कापडात ०.०९ म्हणजे सव्वादोन टक्के. फायबर व्हॉल्यूममध्ये सुमारे १.३ टक्के. घातांक ११ असल्याने ही छोटी चूक दाबात पावपटीच्या घरात जाते. दुरुस्तीआधी ६० टक्क्यांना ७.४ बार पुरेल असे दिसत होते. रिकामे वाचन वजा केल्यावर खरा आकडा ८.९ आला.

दुरुस्त आलेख असा: ४५ टक्क्यांना ०.४ बार, ५० ला १.२, ५५ ला ३.४, ६० ला ८.९. जुन्या इन्फ्यूजनच्या भागात फायबर व्हॉल्यूम ४९ च्या आसपास का यायचे, तेही यातच दिसते.

आता टन. ५५ टक्क्यांना २७ टन, वर रेझिनचे १६, मिळून ४३. म्हणजे ५५ टक्क्यांसाठी ५० टनी प्रेसची निवड बरोबर होती. पण ६०.४ टक्क्यांना ९.६ बार, म्हणजे ७५ टन, तेही रेझिनशिवाय. ५० टनांत हे कापड ५८ टक्क्यांच्या थोडे वर जाऊन थांबते आणि जाडी राहते ४.१५. फिलर पट्टीने हेच सांगितले होते.

त्याच चाचणीत आणखी दोन गोष्टी पाहून घेतल्या. ५५ टक्क्यांवर जाडी धरून ठेवली तर दाब ३.४ वरून पाच मिनिटांत २.५ वर आला, त्यातला निम्मा उतार पहिल्या अर्ध्या मिनिटात. आणि तोच गठ्ठा पाच वेळा दाबून सोडला तर पाचव्या वेळी ५५ टक्क्यांना २.४ बार पुरले. कापड एकदा दाबले की पूर्ण मूळ उंचीला परत येत नाही.

कोपरे

जाडीचा उलगडा झाला, ठिपक्यांचा नाही. त्यासाठी दाब दाखवणारी फिल्म (दाब जास्त तिथे रंग गडद) कापडावर अंथरून साचा कोरडाच बंद केला. उघडल्यावर चित्र बोलके होते: तळ फिकट गुलाबी, मधोमध आणखी फिका, आणि चारही कोपऱ्यांवर गडद लाल डाग.

सपाट कापड ताटाच्या कोपऱ्यावर बसवताना उभे-आडवे धागे काटकोन सोडून तिरके होतात. कापड फाटत नाही की ताणले जात नाही, ते आकसते. तेच वजन कमी जागेत येते. २५ अंश तिरके झालेल्या थराचे जीएसएम १० टक्क्यांनी वाढते, कारण २५ अंशांची कोसाइन ०.९०६. सहा ०/९० थर असे वाढले तर कोपऱ्यात फायबर व्हॉल्यूम ६४ टक्के होते. ±४५ थरांचे तिथे वेगळेच दुखणे: त्यांचे धागे कोपऱ्याच्या दुभाजकावरच पडत असल्याने ते तिरके होऊन सामावत नाहीत, सुरकुततात. एक सुरकुती म्हणजे त्या ठिकाणी दोन जादा थर.

अशा गच्च जागी रेझिन शिरायला नाखूश असते. कोझेनी-कार्मन संबंधाने पाहिले तर ५५ वरून ६४ टक्क्यांवर जाताना पारगम्यता, म्हणजे रेझिनला वाट देण्याची क्षमता, जवळपास तिसऱ्या हिश्शावर येते. त्यात कापड कडेला २ मिमी अपुरे कापलेले असल्याने रेझिनला मोकळी वाट मिळाली. ते कडेकडेने धावले, कोपऱ्याला वळसा घालून पुढे गेले आणि आतली हवा कोंडली. बोल्ट लावल्यावर ठिपके का वाढले, तेही इथेच कळते.

विचारात घेतलेले पर्याय

मोठा प्रेस हा पहिला आवाज होता. ७५ अधिक १६ म्हणजे ९१ टन, म्हणून १०० टनी. पण वरचा साचा ५० टनांनाच मध्ये फुगत होता. प्रेस बदलला तर साचाही नवा लागला असता. आणि एवढे करून भरण्याचा वेळ पावणेदोन पट. रेझिनचा पॉटलाइफ (घट्ट होऊ लागण्याआधीचा वेळ) तासाभराचा असल्याने ते चालले असते, पण कोपरे आणखी बिघडले असते.

स्टॉपरखाली शिम घालून पोकळी ४.३ करायची, हा सर्वांत स्वस्त मार्ग. फायबर व्हॉल्यूम ५६ टक्के, लागणारे टन ३४. रेझिनचे १६ मिळवले की ५० चा काठ. पण खाच ४ मिमीची, झाकण वर राहिले असते. ग्राहकाने साफ नकार दिला.

धागे न विणता शिवलेले कापड वापरणे तांत्रिकदृष्ट्या आकर्षक होते. त्यात धागे सरळ असल्याने ते सहसा कमी दाबात घट्ट बसते. पण नवे कापड म्हणजे ताकदीच्या सगळ्या चाचण्या पुन्हा. तो विचार पुढच्या भागासाठी राखला.

उरला एक थर कमी करणे. त्याला डिझाइनचा विरोध होता आणि तो वाजवी होता: '१० चे ९ म्हणजे १० टक्के ताठरपणा गेला.' हे कागदावरच्या १० थरांशी तुलना करून खरे, पण गणित ५५ टक्क्यांवर केले होते. ६१८ जीएसएमचे ९ थर म्हणजे ५४.३ टक्के. मूळ गृहीतापासून पाऊण टक्का दूर. समान रचनेची अडचणही खरी नव्हती. दहा थरांत मधोमध दोन ०/९० शेजारी होते. त्यातला एक काढला की ०/९० आणि ±४५ आळीपाळीने नऊ थर राहतात, मधला थर आरशाच्या रेषेवर. वाकण्याला विरोध बाहेरचे थर करतात, मधल्याचा वाटा सर्वांत कमी.

केलेली कृती

थर ९ केले. लागणारा दाब ३ बारच्या आत, म्हणजे २३ टन, रेझिन धरून ३९.

±४५ च्या चारही थरांना कोपऱ्यात चीर देऊन टोके एकमेकांना भिडवली, चढवली नाहीत. दोन थरांच्या चिरा एकावर एक येऊ नयेत म्हणून त्या १५ मिमी अंतराने सरकवल्या. ०/९० थर अखंड ठेवले. कोपऱ्यात फायबर व्हॉल्यूम हिशेबाने ५७ च्या वर आले, ६४ वरून.

कापड साच्यात थेट रचण्याऐवजी आधी प्रीफॉर्म, म्हणजे आकार दिलेला चिकटवलेला गठ्ठा, केला. थरांमध्ये इपॉक्सी पावडर बाइंडर चौरस मीटरला ५ ग्रॅमच्या बेताने शिंपडला, खालच्या साच्याच्या आकारावर पिशवीखाली व्हॅक्यूम लावून ९० अंशांना २० मिनिटे ठेवले आणि व्हॅक्यूमखालीच थंड होऊ दिले. व्हॅक्यूम आधी सोडला तर गरम गठ्ठा पुन्हा फुगतो, एकदा फुगलाही. नीट झालेला प्रीफॉर्म ४.६ मिमीवर राहिला, त्यामुळे सीलवर चिमटणे संपले. कडा पोकळीच्या भिंतीला भिडेल अशा कापल्या.

प्रेसचा वेग शेवटच्या २ मिमीला १ मिमी प्रति मिनिटावर आणला, आणि स्टॉपर टेकण्याच्या अर्धा मिमी आधी दोन मिनिटे थांबा दिला. बोल्ट काढून टाकले.

निष्पत्ती

पहिल्याच प्रयत्नात चारही स्टॉपर टेकले. प्रेसवर २० टनांच्या थोडे वर वाचन होते, आलेखापेक्षा कमी, कारण प्रीफॉर्म एकदा दाबला गेलेला होता आणि थांब्यात दाब उतरला होता. साडेअकरा मिनिटांत भरले. व्हेंट बंद केल्यावर डायल गेज हलला नाही. सलग १२ भागांत कडेची जाडी ३.९८ ते ४.०३, मध्यभागी ४.०५ ते ४.०८. जाळून काढलेल्या तीन नमुन्यांत फायबर व्हॉल्यूम ५३.६ ते ५४.५. कोपऱ्यांत कोरडे ठिपके नाहीत. दोन भागांत एका चिरेवर रेझिनची बारीक रेघ दिसली, ती स्वीकारार्ह ठरली.

मध्यभागचा साधारण ०.०६ मिमीचा फुगवटा मात्र राहिलाच. तो साच्याचा आहे, कापडाचा नाही.

वेगळे काय करता आले असते

थर गोल करताना ९ कडे जायचे की १० कडे, हे ताकदीच्या अंगाने पाहिले गेले. बंद साच्यात तोच आकडा टनांच्या अंगानेही पाहायला हवा होता. ५८.६ हा आकडा रेखाचित्रावर लिहिला असता तरी कोणीतरी थबकले असते.

कोपऱ्यात पोकळी ०.२ मिमी मोकळी ठेवून साचा कापला असता तर चिरा देण्याची गरज कदाचित कमी झाली असती; तिथे ग्राहकाची जाडीची अट नव्हती. तयार साच्यात तेवढे खरवडणे शक्य होते, पण प्रीफॉर्मने काम भागल्यावर ते मागे पडले. चिरा कापायला प्रत्येक भागामागे पाऊण तास जातो, त्यामुळे तो हिशेब पुन्हा काढावा लागणार आहे.

आवक तपासणीत आता प्रत्येक रोलचे पाच तुकडे वजन होतात आणि ६३० च्या वरचा रोल या भागाला घेत नाहीत. ६१८ नंतरचा रोल ६२८ निघाला. नऊ थरांना फायबर व्हॉल्यूम ५५.२, हिशेबाने २८ टन, रेझिन धरून ४४. साचा बंद झाला, पण थांब्याची दोन मिनिटे चार करावी लागली.